पिवळ्या रताळ्यांची नागव्वा

माझ्या हातचं काहीही मागावं, रताळं तेवढं मागू नये, हे आमच्या घरात सुनांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना पाठ झालं आहे. एकादशीला शेजारून रताळ्याचे तळलेले काप आले तर मी वाटीवर ताटली घालून ती बाजूला सारते. कुणी विचारलंच तर पित्त होतं म्हणून सांगते. मला जन्मात कधी पित्त झालेलं नाही. या वयातही मी मूठभर शेंगदाणे खाऊन ठणठणीत असते. पण गरम तेलात रताळं पडल्याचा वास आला की मला नागव्वा आठवते, आणि तिची आठवण मला सोसत नाही.

एकोणीसशे तीसच्या नंतरची दोन-तीन वर्षं मी सोलापुरात एका गिरणीच्या पाळणाघरात नोकरीला होते. सुताच्या खात्यात काम करणाऱ्या बायका सकाळच्या भोंग्याला आपली पोरं आमच्या हवाली करीत आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर घेऊन जात. चाळीसेक पोरं, दोन आया, एक स्वयंपाकीण आणि या सगळ्यांवर देखरेख करायला मी. पुण्याला बालसंगोपनाचा वर्षाचा वर्ग मी पहिल्या नंबराने पास झाले होते. वय बावीस, अंगावर पांढरंशुभ्र पातळ, हातात वही. तेव्हा मला जगातलं सगळं कळत होतं. पुढे ते हळूहळू कमी होत गेलं.

स्वयंपाकीण म्हणजे नागव्वा. अक्कलकोटच्या बाजूची, उंच, हाडापेराने रुंद. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, अंगावर विटलेलं इरकली लुगडं आणि गालात कायम एक लवंग. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. रागावली की सगळं कानडी. ती माझ्या आईच्या वयाची होती. तरी मी तिला अगंतुगं करीत असे आणि ती मला अहोजाहो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा दोघींनाही वाटलं नाही, निदान मला तरी नाही.

पोरांची नावं ती लक्षात ठेवत नसे. कोण काय खातं यावर तिची नावं ठरलेली. ‘भाकरीचा पापुद्रा’, ‘ताकवाली’, ‘गूळचोर’. एका मुलाला ती ‘कायबी चालतंय’ म्हणत असे. त्याची आई एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आली की माझ्या लेकाला चांगलं मारुतीचं नाव ठेवलंय, ही बया त्याला हे काय म्हणते. नागव्वाने तिला आत बोलावून बसवलं, हातावर गरम भाकरीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, “अगं, नाव समदेच ठिवत्यात. त्याला काय आवडतंय ते तुला तरी ठावं हाय का? सांग बगू.” पहाटे पोराला इथे टाकायचं आणि दिवेलागणीला झोपलेलं उचलून न्यायचं, तिला कुठून ठाऊक असणार! भाकरी खाऊन ती निमूट कामावर गेली.

नागव्वाचं सगळं कसब उतरायचं ते दुपारी तीनच्या खाण्यात. रताळ्याला ती ‘गेणसु’ म्हणे. आठवड्यातून चार दिवस गेणसु तळायची, आणि तेही गोल चकत्या करून नव्हे, लांब लांब बोटं कापून. “चकती ह्येंच्या हातात गावत न्हाय. पडती, मग मातीत लोळवून खात्यात. बोट कसं, मुठीत बसतंय,” हे तिचं म्हणणं. दीड वर्षाच्या पोराला करंगळीएवढं, चार वर्षांच्याला मधल्या बोटाएवढं. विळीवर बसली की समोरच्या पोरांच्या हातांकडे बघत बघत कापायची. साल काढायची नाही, नुसती काथ्याने खसाखसा घासायची. कापलेली बोटं मिठाच्या पाण्यात टाकायची, चीक सुटू द्यायचा, मग जुन्या धोतरावर पसरून कोरडी करायची. ओलं रताळं तेलात घालणाऱ्या बाईला तिच्या लेखी कवडीची किंमत नव्हती.

तेल करडईचं. तापलं की नाही हे ती डोळ्यांनी बघत नसे. एक बारीक तुकडा सोडायचा आणि कान द्यायचा. आवाज पसंत पडला नाही तर “थांब गं बाई, घाई नगं” असं तेलालाच सांगायची. मग पहिलं तळण मंद आचेवर. किती वेळ, याचं माप म्हणजे तिचं एक कानडी अंगाईगीत. गाणं संपलं की बोटं बाहेर. निवली की पुन्हा एकदा कडकडीत तेलात, पण या वेळी गाणं नाही, नुसते दोन श्वास. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी मऊ. वरून मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

एकदा गिरणीच्या बड्या साहेबाची मडम पाळणाघर बघायला आली. नागव्वाने कुणाला न विचारता तिच्या हातावर गरम बोट ठेवलं. मडमेने खाल्लं, आणखी दोन मागून घेतली आणि पाककृती विचारली. मी मध्ये दुभाषी. किती मिनिटं तळायचं, असं तिने विचारल्यावर नागव्वा म्हणाली, “तिला गानं म्हनायला सांगा.” हे मी इंग्रजीत कसं सांगावं? मी आपलं सांगितलं, सात मिनिटं. नागव्वाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण मी काहीतरी भलतंच सांगितलं हे तिला बरोबर कळलं. मडमेचं तळण बिघडलं तर त्याचं पाप माझ्या माथी, असं तिने मला दोन दिवस ऐकवलं.

रताळी आणायला ती स्वतः भवानी पेठेत जायची, एक-दोनदा मीही बरोबर गेले. ढिगातलं एकेक रताळं उचलून ती त्याचं टोक नखाने मोडायची आणि आत बघायची. पांढरं निघालं की परत ढिगात. तिला आतून हळदीसारखी पिवळी हवी असत, आणि ती थोडी येत. विकणारा कावायचा. “म्हातारे, समदा माल नख लावून नासवलास की!” त्यावर ही थंडपणे म्हणायची, “आतला रंग बगितल्याबिगर आमी सून बी आनत न्हाय.” तो हसायचा आणि मग स्वतःच तिला पिवळी शोधून द्यायचा. पेठेत मिळाली नाहीत तर तिच्या भावाच्या शेतातून, अक्कलकोटच्या पलीकडून, पोतं यायचं.

पिवळीच कशाला, म्हणून मी विचारलं होतं. तिने मला संध्याकाळी थांबायला सांगितलं.

दिवस कलला, पाळणाघरात दिवे लागायचे होते. नागव्वाने उंबऱ्याच्या अलीकडे एक पितळेची वाटी उपडी ठेवली आणि चंद्रीला हाक मारली. चंद्री ही शेवंता नावाच्या कामगारणीची मुलगी, साडेतीन वर्षांची, काडीसारखी. दिवसभर ही पोर चिमणीसारखी टिवटिवत असे, पण ऊन उतरलं की भिंतीला पाठ लावून एका जागी बसून राही. मला वाटायचं, आईची वाट बघते. हाक ऐकून ती उठली, दोन्ही हात पुढे करून चालू लागली आणि त्या चकचकीत वाटीवर पाय पडून आपटली.

“बगितलं?” नागव्वा तिला उचलून घेत म्हणाली. “सांजंला हिला दिसत न्हाय. माज्या धाकट्या भनीला आसंच व्हतं. आदी सांजंला, मग डोळं कोरडं पडलं, मग गेलंच. आमच्या आईला कुनी सांगितलं न्हाय. मला लई उशिरा एका म्हातारीनं सांगितलं, पिवळं गेणसु घाल, तेलात घाल.” मग तिने चंद्रीच्या पापण्यांवर दोन्ही अंगठे ठेवले. तसं ती रोज संध्याकाळी करायची, आणि एकट्या चंद्रीला नव्हे, सगळ्याच पोरांना. पाळणाघरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या पापण्यांना तिचा हात लागलेला असे.

त्या दिवसापासून दोन महिने चंद्रीच्या वाटीत बाकीच्यांपेक्षा चार बोटं जास्त पडत होती. आणि एका संध्याकाळी ती पोर उंबऱ्याजवळ पुन्हा उपड्या ठेवलेल्या वाटीला वळसा घालून आईकडे पळत गेली. नागव्वाने मला हाताला धरून ते दाखवलं. मी म्हटलं, “मोठी होतेय ती, समज आली.” नागव्वाची लवंग या गालातून त्या गालात गेली, एवढंच.

हे सगळं मी पाहिलेलं होतं. मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते न बघता केलं असं कुणाला वाटायला नको.

पाळणाघरावर एक कमिटी होती. गावातल्या पाच-सहा शिकल्यासवरल्या घरच्या बायका महिन्याला एकदा येत. त्यांनी मुलांच्या खाण्याचा शास्त्रशुद्ध तक्ता मागितला. मला तर आकाश ठेंगणं झालं. तीन दिवस पट्टी घेऊन, लाल आणि निळ्या शाईने मी तो केला. पुण्याहून आणलेल्या पुस्तिकेत होतं की तळलेलं लहान मुलांना पचायला जड, फार तापवल्याने अन्नातली सत्त्वं जातात. ‘जीवनसत्त्व’ हा शब्द तेव्हा नवा कोरा होता आणि मी तो तक्त्यात तीन ठिकाणी घातला. दुपारी तीनच्या रकान्यात लिहिलं: ‘रताळी, उकडलेली. तळलेले पदार्थ वर्ज्य.’ कमिटीच्या अध्यक्षीणबाईंनी माझी पाठ थोपटली. तक्त्याला काच बसली आणि तो चुलीच्या समोरच्या भिंतीवर चढला.

नागव्वाने कढई चुलीवर ठेवता ठेवता विचारलं, “भितीवर काय लिवलंय म्हनायचं?”

मी वाचून दाखवलं. ती ऐकत होती तोवर हातातली कढई तशीच अधांतरी.

“उकडल्यालं खात्यात की. प्वाट भरंल,” ती म्हणाली. “पन बाई, डोळ्याचं काय?”

“डोळ्यांचा आणि तळण्याचा काय संबंध?”

“त्याल पोटात गेल्याबिगर त्यातलं पिवळं डोळ्यात उतरत न्हाय.”

मी हसले. नुसती हसून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या सभेला चहाच्या वेळी मी हे वाक्य तिच्या आवाजात, तिच्या हेलात कमिटीच्या बायकांना म्हणून दाखवलं. सगळ्या पोट धरधरून हसल्या. नागव्वा तेव्हा कपबश्या उचलायला आत आली होती. तिने ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. ऐकलं नसेल असं मी खूप वर्षं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “वरनं चमचाभर त्याल तरी घालू का? पळीभर न्हाय म्हनत मी. चमचाभर.”

“तक्त्यात नाही, नागव्वा.”

“तक्त्याला डोळं हायत का?”

हा उद्धटपणा मी मनात नोंदवून ठेवला.

उकडलेली रताळी पोरं अर्धी खात, अर्धी पायदळी तुडवत. पिवळी-पांढरी निवडायला नागव्वा पेठेत जाईनाशी झाली. येईल ते पोतं उकडलं जाऊ लागलं. एक-दीड महिना गेला. मग एका संध्याकाळी मी हौदाकडे हात धुवायला गेले तर आडोशाला नागव्वा उकिडवी बसलेली आणि समोर चंद्री. नागव्वाच्या पदराच्या गाठीत पानात गुंडाळलेली तळलेली बोटं. घरी, आपल्या तेलात, पहाटे उठून तळून आणलेली. चंद्रीच्या मुठीत दोन होती.

मला राग आला. आज तो राग मी उलटून पालटून बघते तेव्हा त्यात पोराच्या पचनाची काळजी मला कुठे सापडत नाही. मी सांगितलेलं हिने ऐकलं नाही, एवढंच त्यात होतं. मी चंद्रीची मूठ धरली. पोर सोडेना. मी तिचं एकेक बोट उलगडलं. नागव्वाने माझं मनगट पकडलं. केवढी ताकद होती त्या हातात! क्षणभर मला हलता येईना. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात सोडला. मी रताळ्याची ती दोन बोटं राखेच्या ढिगात फेकून दिली. चंद्री रडलीसुद्धा नाही. ती मान वळवून, अंधुक उजेडात, नागव्वा कुठे आहे ते शोधत होती.

त्याच आठवड्यात मी कमिटीला चिठ्ठी लिहिली. ‘वारंवार सूचना देऊनही आज्ञाभंग.’ नागव्वाला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. शनिवारी तिने कढई राखेने घासून लख्ख केली, उपडी घातली, आपली विळी फडक्यात गुंडाळली. जाताना माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता शिव्या देणार. ती म्हणाली, “चंद्रीकडं बगा. सांजंला तिचा हात धरत जावा.”

मी “हो” म्हटलं. धरलाही, दोन-तीन दिवस.

उन्हाळ्याच्या तोंडाला चाळींमधून गोवर आला. पाळणाघरातली निम्मी पोरं घरी राहिली. चंद्री तीन आठवडे आली नाही. आली ती शेवंताच्या खांद्यावर, उजव्या डोळ्यावर फडकं बांधून. शेवंताने फडकं सोडलं. डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळावर पांढरा टिक्का. “उजेड बी नको म्हनती, बाई,” शेवंता म्हणाली, “हिकडचा बी कोरडा पडाय लागलाय.”

मी तशीच तिला गिरणीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी डावा डोळा बराच वेळ पाहिला. उजवा गेला, म्हणाले, डावा वाचेल. आणि मासळीच्या तेलाची बाटली दिली. शेवंता पोरीला घेऊन बाहेर गेल्यावर मी विचारलं, “तेलच का?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही शिकून आलात ना हे? डोळ्यांना लागणारं सत्त्व चरबीत विरघळतं. भाज्या, पिवळी फळं, कंद, सगळ्यांत थोडंफार असतं, पण बरोबर तेलतूप नसेल तर अंगी लागत नाही. ही गरिबांची पोरं, यांच्या पोटात तेल जातं कुठे? तुमच्याकडे काय खायला देता?”

“रताळी,” मी म्हटलं. “उकडून.”

माझं तोंड बघून ते म्हणाले, गोवराचं काही सांगता येत नाही, त्याच्याशिवायही झालं असतं. हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं औषधासारखं घेत आले. गुण आला नाही.

खोलीवर येऊन मी पुण्याची वही उघडली. फार शोधावं लागलं नाही. माझ्याच वळणदार अक्षरात, खाली लाल रेघ मारून: ‘हे जीवनसत्त्व तुपातेलात विरघळते.’ शेजारी आमच्या शिक्षिकेची बरोबरची खूण. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. ‘तळलेले पदार्थ जड’ हे चार पानं पुढे होतं. दोन्ही पानं मला तोंडपाठ. पण एका पानावरून दुसऱ्या पानाकडे बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि जी शिकवत होती तिची मी नक्कल करून दाखवली होती.

डावा डोळा वाचला, हे इथेच सांगून टाकते. चंद्री मोठी झाली, गिरणीत लागली, एका डोळ्याने सूत जोडत राहिली. पण तेव्हा, त्या आठवड्यात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवंता मला म्हणाली, “तुमी डागदराकडं नेलं म्हनून एक तरी राहील, बाई,” आणि तिने माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला. का घेतला, ते तिला सांगितलं नाही.

मात्र नागव्वाला सांगायचंच, असं मी ठरवलं. एका रविवारी अक्कलकोटची मोटार धरली आणि गावाच्या अलीकडे, तिच्या भावाच्या शेतापाशी उतरले. मोटार पुढे जाऊन तासाभराने तीच परत यायची होती. वाटभर मी एकच वाक्य घोकत होते: ‘चूक माझी झाली, नागव्वा.’ पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

नागव्वा वेलाखाली कुदळीने रताळी काढत होती. मला पाहून तिला नवल वाटलं नाही. हात झाडत उठली आणि पहिलं काय विचारलं, तर “चंद्री कशी हाय?”

मी सांगितलं. गोवर आला, डोळा गेला.

ती बांधावर बसली. मग विचारलं, “कंचा?”

“उजवा.”

“डावा?”

“डॉक्टरांनी औषध दिलंय. वाचेल म्हणाले.”

मी वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तीच बोलली, माझ्याकडे न बघता, मातीकडे बघत.

“चूक माजी हाय, बाई. मी तुमचा हात धरला व्हता की. आन सोडला. मला वाटलं, शिकल्याली बाई हाय, हिला आपल्यापरीस जास्त कळत आसंल. पन मला ठावं व्हतं! माज्या भनीचं डोळं गेलं तसंच, मला ठावं व्हतं. तुमाला कुटनं ठावं आसनार? ठावं आसून मी हात सोडला. चार दिस दाराम्होरं धरनं धरून बसाय पायजे व्हतं, ते बी केलं न्हाय. यव्वा, त्या कूसाचा, त्या लेकराचा डोळा मी घालवला.”

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, इथे बोलणार नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलून घ्यावा तसं. घशापर्यंत आलेलं वाक्य तिथेच थांबलं. मी मनाशी म्हटलं, जरा शांत होऊ दे तिला, मग सांगते.

तिने डोळे पुसले आणि उठून ढिगातली पिवळी रताळी नखाने मोडून बघत माझ्या पिशवीत भरायला लागली. कशी कापायची, किती वेळ पाण्यात ठेवायची, कोरडी कशी करायची, दोनदा कशी तळायची, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. “ह्या खेपंला त्याल कमी करू नगा. डावा ऱ्हायला पायजे. तुमी सवता तळा, दुसऱ्यावर टाकू नगा.” मी मान डोलवत होते. रस्त्यावर मोटारीचा कर्णा वाजला. मी पिशवी उचलली, “येते” म्हटलं, आणि घाईघाईने चालू लागले. घाई नव्हती. मोटार थांबणार होती.

त्या रताळ्यांची बोटं मी चंद्रीला तळून घातली. तेवढी एकदाच मी रताळी तळली. पुन्हा जायचं, बोलायचं, असं मनात म्हणत वर्ष काढलं, आणि मग तिच्या भावाकडून कळलं की ती थंडीतापाने गेली. त्या दिवसानंतर मी तिला पाहिलंच नव्हतं.

त्या रविवारी परतीच्या मोटारीत मला खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारी एक लेकुरवाळी बाई होती. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा शेत दिसलं. नागव्वा बांधावर उभी होती, आणि मातीने भरलेल्या दोन्ही हातांनी, देवापुढे मारून घेतात तसं, स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेत होती. एक उजवीकडे, एक डावीकडे, थांबत नव्हती.

शेजारची बाई वाकून बघत म्हणाली, “काय वो झालं त्या म्हातारीला? तुमच्या वळकीची हाय का?”

“आमच्याकडे कामाला होती,” मी म्हटलं. “तिच्या हातून एक चूक झाली.”